पोळीमागे तुपाची वाटी

वाचकहो, या पंधरवड्यात वाशीमहून एका भगिनींचे पत्र आले आहे. वय ६८. यजमानांच्या पश्चात घरात त्या आणि मोती नावाचा कुत्रा, एवढेच दोघे. मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास गेला, जाताना मोतीला आईपाशी ठेवून गेला. मोतीच्या निमित्ताने त्यांचा सकाळचा फेरफटका सुरू झाला, रक्तातील साखर आटोक्यात आली आणि शेजारच्या गल्लीतील ७४ वर्षांच्या गृहस्थांची सोबतही मिळाली. त्यांच्याकडेही कुत्रा, नाव राजा. दोन वृद्ध माणसे आणि दोन कुत्री रोज पहाटे मैदानापर्यंत जात आणि उन्हे वर येण्यापूर्वी परतत. दीड वर्ष हा क्रम सुखाने चालला.

मग एके दिवशी मुलाने पुण्याहून मोतीसाठी चेंडू आणला. दुसऱ्या दिवशी मोती तो तोंडात धरून फिरायला निघाला. मैदानाच्या कडेला त्याने चेंडू क्षणभर खाली ठेवला, राजाने नाक पुढे केले आणि डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच दोघे एकमेकांवर तुटून पडले. भगिनींनी चेंडू उचलण्यासाठी हात घातला, त्यांच्या बोटाला दात लागला. गृहस्थांच्या पायांत दोरी अडकली, ते पडले आणि मनगटाचे हाड मोडले. आता दोन्ही घरांत बोलणे नाही. फिरणे थांबले, साखर पुन्हा वाढली. मुलगा म्हणतो, "मोतीला कुठेतरी देऊन टाकू." भगिनी विचारतात, "माझा मोती मुळात वाईट आहे का? आणि आता मी काय करावे?"

पत्र वाचून प्रथम मनात आले ते हे, की झगडा चेंडूचा असला तरी पणाला लागले आहे ते बरेच मोठे आहे. एका एकाकी घराची सोबत, दोन वृद्धांचे आरोग्य आणि एक जुना शेजार. म्हणून या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देत आहे. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना ते उपयोगी पडेलच, पण ज्यांच्या घरी केवळ एखादे वृद्ध माणूस सांभाळायचे आहे त्यांनीही शेवटपर्यंत वाचावे, अशी विनंती आहे.

हा दुष्टपणा नव्हे, धास्ती आहे

कारंजा लाड हे आपल्या वाशीम जिल्ह्यातील गाव नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. त्यामुळे या भागात घरोघरी दत्तात्रेयांची तसबीर असते आणि त्यांच्या पायाशी शांत उभे असलेले चार श्वान आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. चार कुत्री अशी एकत्र निवांत राहू शकतात, हे खरेच आहे. गल्लीतील कुत्रीही दिवसाचा बहुतेक वेळ शेजारी शेजारी झोपून काढतात. पण त्यांच्यामध्ये एक हाड पडू द्या, म्हणजे चित्र पालटते.

याचे कारण कुत्र्याच्या स्वभावात खोल रुजलेले आहे. तोंडात आलेली, पंजाखाली असलेली किंवा नाकासमोर पडलेली वस्तू आपली, असा त्याचा साधा न्याय आहे. दुसरा जवळ आला की ती हातची जाईल, ही धास्ती त्याला वाटते आणि गुरगुरून तो ती बोलून दाखवतो. ही धास्ती कमीअधिक प्रमाणात बहुतेक कुत्र्यांत असते. तेव्हा भगिनींच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की मोती वाईट नाही. दीड वर्ष राजाशी गुण्यागोविंदाने वागणारा मोती एका रात्रीत बदलला नाही, त्यांच्यामध्ये एक वस्तू आली इतकेच.

घरात जो कुत्रा चेंडूवरून फारसे भांडत नाही, तो रस्त्यावर का भांडतो, असेही कोणी विचारील. घरात त्याला वस्तू घेऊन दूर कोपऱ्यात जाता येते. रस्त्यावर गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला दोरी असते, निघून जाण्याची वाट बंद असते. आपण घाबरून दोरी ताणली की तो ताण गळ्यापर्यंत पोचतो आणि काहीतरी संकट आहे, अशी त्याची खात्री होते. पळता येत नाही, तेव्हा तो भांडतो. त्यातून गल्ली अरुंद असली, पलीकडे अनोळखी कुत्री भुंकत असली, तर ठिणगी पडायला वेळ लागत नाही.

नामदेवांची युक्ती

आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. त्यांच्याविषयीची ती कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, की कोरडी पोळी खाऊ नकोस, तूप तरी लावून घे. कथेचा अर्थ भूतदयेचा आणि सर्वांभूती ईश्वर पाहण्याचा आहे. परंतु कुत्रे पाळणाऱ्याने तिच्यातून एक व्यवहारही शिकावा. नामदेव पोळी हिसकावून घेण्यास धावले नाहीत, ते अधिक काही देण्यास धावले.

चेंडू धरून बसलेल्या कुत्र्याच्या बाबतीत नेमके हेच करायचे असते. आपण हिसकावून घेतले की त्याची धास्ती खरी ठरते आणि पुढच्या वेळी तो अधिक घट्ट धरतो, अधिक लवकर गुरगुरतो. उलट, माणूस जवळ आला की काहीतरी चांगले मिळते, असा अनुभव वारंवार आला, तर धास्तीची जागा अपेक्षा घेते. इव्हान पाव्हलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले, की अन्नाशी पुन्हा पुन्हा जोडली गेलेली खूण कुत्र्याच्या शरीरालाच पाठ होते, ती नुसती मिळाली तरी लाळ सुटू लागते. आपला पुढे येणारा हात ही मोतीसाठी तशीच सुखाची खूण व्हावी, एवढेच साधायचे आहे.

घरी करायचा अभ्यास

हा अभ्यास दुसरे कुत्रे जवळ नसताना, घरात, खुर्चीवर बसून करावा. उभ्याने वाकणे टाळावे. एकदम वाकून उठताना पुष्कळ वृद्धांना भोवळ येते.

पहिले तीन-चार दिवस मोतीपुढे त्याला फारशी प्रिय नसलेली वस्तू असू द्यावी, जुन्या फडक्याची गाठ चालेल. ती तो चघळत असताना थोड्या अंतरावरून त्याच्याकडे खाऊचा लहान तुकडा टाकावा आणि वस्तूला हातही लावू नये. काही न घेता केवळ देत राहावे.

त्यानंतर खाऊ त्याच्या नाकापाशी न्यावा. तोंड उघडून त्याने वस्तू सोडली की शांतपणे "दे" म्हणावे, खाऊ द्यावा आणि तीच वस्तू त्याला परत करावी. हे परत करणे सर्वांत महत्त्वाचे आहे. दिलेले परत मिळते, हा विश्वास एकदा बसला की सोडणे त्याला जड जात नाही. असे दिवसातून दोन वेळा, प्रत्येक वेळी चार-पाच मिनिटे करावे. आठवडाभराने फडक्याच्या जागी अधिक आवडती वस्तू आणि सर्वांत शेवटी चेंडू घ्यावा. मध्येच कोठे तो ताठरला, तर आपण घाई केली असे समजून एक पायरी मागे यावे.

खाऊ म्हणून उकडलेल्या अंड्याचे किंवा बिनमसाल्याच्या कोंबडीचे नखाएवढे तुकडे, पनीर अथवा भाकरीचा तुकडाही चालतो. मात्र येथे एक सावधगिरी हवी. पुष्कळ वृद्धांच्या खिशात बेदाणे किंवा मनुका असतात. द्राक्षे, बेदाणे आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. कांदा आणि चॉकलेट हेही त्याला विषासमान आहेत. ते कधीही देऊ नये.

कधी चेंडू काढून घेणे अगदी आवश्यक झाले, तर खाऊ दुसऱ्या खोलीत टाकावा, कुत्रा तेथे गेला की दार लोटून घ्यावे आणि मग सावकाश चेंडू उचलावा. नामदेव धावले, आपण या वयात धावू नये.

गुरगुरण्यापूर्वीची भाषा

भांडण क्षणात पेटले, असे आपल्याला वाटते. बहुतेक वेळा कुत्र्याने आधी सांगितलेले असते, आपण वाचलेले नसते. चघळता चघळता तो एकाएकी थिजतो. मान वस्तूवर झाकल्यासारखी खाली येते. डोके न वळवता तो डोळ्याच्या कडेने पाहतो आणि डोळ्याचे पांढरे दिसू लागते. ओठ किंचित वर जातो. नंतर गुरगुर, आणि त्यानंतर हवेत मारलेला चावा. थिजणे दिसले की तेथेच थांबावे, दुसऱ्या कुत्र्याला दूर न्यावे.

गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला कधीही मारू नये. गुरगुर ही सूचना आहे. मार खाऊन तो सूचना देणे सोडतो, धास्ती मात्र तशीच राहते आणि मग तो एकदम चावतो. नातवंडांनाही एवढे शिकवून ठेवावे, की खात असलेल्या किंवा काही धरून बसलेल्या कुत्र्याजवळ जायचे नाही.

फिरायला निघताना

सर्वांत सोपा आणि सर्वांत परिणामकारक उपाय आधी सांगतो. दोन कुत्री बरोबर फिरणार असतील, तर चेंडू घरी ठेवावा. दोघांसाठी एकसारखे दोन चेंडू नेले म्हणजे भांडण मिटेल, असे वाटते खरे, पण दुसऱ्याच्या तोंडातला चेंडूच कुत्र्याला अधिक हवासा वाटतो. चेंडूचा खेळ अंगणात, एकट्याने खेळावा. त्यासाठीही चेंडू घशात न जाईल एवढा मोठा निवडावा.

रस्त्यावर मुलांच्या क्रिकेटचा चेंडू, तुटकी चप्पल, खाटकाच्या दुकानाजवळचे हाड अशा वस्तू कुत्र्याला सापडतातच. तेव्हा ओरडून मागे लागू नये. खिशातला खाऊ दाखवावा, "दे" म्हणावे आणि पुढे चालू लागावे. घरच्या अभ्यासाची परीक्षा येथे होते. गल्लीतील कुत्री बसलेली असतील, तर तोंडात वस्तू धरलेला आपला कुत्रा त्यांच्यामधून नेऊ नये. रस्ता बदलावा, चार पावले जास्त चालावे लागले तरी हरकत नाही.

दोरी चार ते सहा हात लांब आणि पक्क्या लांबीची असावी. आपोआप सुटणाऱ्या आणि गुंडाळल्या जाणाऱ्या दोऱ्या वृद्धांनी वापरू नयेत, कुत्र्याने एकदम धाव घेतली की त्यांचा हिसका फार जोरात बसतो. दोरी मनगटाला किंवा बोटांना गुंडाळू नये, मुठीत धरावी. पायांत घट्ट बसणारे, न घसरणारे पादत्राण असावे. दोन कुत्री बरोबर असतील, तर माणसे आत आणि कुत्री बाहेरच्या बाजूंना ठेवावीत, म्हणजे दोऱ्या एकमेकींत अडकत नाहीत.

एवढे करूनही जुंपलीच, तर हात मध्ये घालू नये. हा नियम आपल्याच कुत्र्यालाही लागू आहे, कारण त्या आवेशात तो हात कोणाचा हे पाहत नाही. मोठा आवाज करावा, पाण्याची बाटली दोघांवर रिकामी करावी, छत्री उघडून दोघांमध्ये धरावी. छत्रीने किंवा काठीने मारू नये, त्याने चवताळणे वाढते. आणि आपला तोल जात आहे असे वाटताच दोरी सोडून द्यावी. सुटलेला कुत्रा बहुतेक वेळा परत येतो. मोडलेले खुब्याचे हाड मात्र वृद्धाला महिनोन्महिने अंथरुणाला खिळवते.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो. कुत्र्याच्या अंगाला आपल्यासारखा घाम येत नाही, तोंड उघडून धापा टाकूनच तो शरीर थंड ठेवतो. तोंडात चेंडू धरून ठेवला की धापा नीट टाकता येत नाहीत. तापलेला, थकलेला कुत्रा लवकर चिडतोही. म्हणून फिरणे सूर्योदयाच्या सुमारास उरकावे. हाताची मागची बाजू डांबरी रस्त्यावर काही क्षण टेकवून पाहावी. आपल्याला सोसवत नसेल, तर त्याच्या पंजांनाही सोसवणार नाही.

दात लागलाच तर

भगिनींनी बोटाच्या जखमेवर घरची हळद लावली आणि विषय सोडून दिला, असे पत्रात ओझरते लिहिले आहे. त्याविषयी मला सर्वांत अधिक काळजी वाटते.

कुत्र्याचा दात किंवा नख लागले, मग कुत्रा घरचा असो वा रस्त्यावरचा, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी, कारण आपल्या अंदाजाची १५ मिनिटे तीनच भरतात. नंतर पोव्हिडोन आयोडीन लावता येते. हळद, तिखट, चुना, तेल यांतले काहीही लावू नये. घट्ट पट्टी बांधू नये. त्याच दिवशी शासकीय रुग्णालयात किंवा आपल्या डॉक्टरांकडे जावे. रेबीजची लस स्नायूत दिल्यास ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, तर त्वचेत दिल्यास ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी घ्यायची असते. पहिली मात्रा घेतली तो शून्य दिवस. कातडी फाटून रक्त आले असेल, तर लसीबरोबर जखमेत प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही लागते. धनुर्वाताच्या लसीविषयीही विचारावे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की त्यावर उपचार जवळजवळ नाही. वेळेवर घेतलेली लस मात्र जीव वाचवते. मात्रा अर्ध्यावर सोडणे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय करू नये. दिवस उलटून गेले म्हणून संकोच करू नये, भगिनींनी हे वाचताच डॉक्टरांना जाऊन भेटावे.

मधुमेह असलेल्यांची हाताची जखम लवकर चिघळते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांचा रक्तस्राव लवकर थांबत नाही. या दोघांनी लहानशा जखमेलाही लहान समजू नये. मोती आणि राजा यांचे वार्षिक लसीकरण झाले आहे का, तेही कागद काढून पाहावे.

कुत्र्याकडेही एकदा वैद्याच्या नजरेने पाहावे. आजवर शांत असलेला कुत्रा उतारवयात एकाएकी वस्तूंवर हक्क सांगू लागला, तर दात दुखणे, सांधेदुखी, दृष्टी किंवा ऐकणे मंदावणे अशी कारणे असू शकतात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. अधिक तपासणी लागल्यास अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आपल्याला जवळची आहे. कुत्र्याने माणसाला वारंवार किंवा खोल चावे घेतले असतील, तर घरचा अभ्यास न करता थेट पशुवैद्यांचा सल्ला घ्यावा.

वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

माणसाची तुलना कुत्र्याशी करण्याचा हेतू नाही. पण हातचे जाईल ही धास्ती सर्व जीवांना सारखीच असते. स्मृतिभ्रंश झालेल्या आजी किल्ल्यांचा जुडगा मुठीत आवळून बसतात, आजोबा जुनी पावती कोणाला हात लावू देत नाहीत. घाईत असलेली सून किंवा मुलगा ती वस्तू ओढून घेतो आणि मग सारा दिवस रडण्यात व संतापात जातो. तेथेही ओढू नये. शेजारी बसावे, आवडीचे काही हाती द्यावे, बोलण्यात गुंतवावे, शक्य असेल तर ती वस्तू त्यांच्यापाशीच राहू द्यावी. आवळलेली मूठ ओढून उघडत नाही, धीर दिल्यावर उघडते.

आता भगिनींनी काय करावे

प्रथम डॉक्टरांकडे जावे. दुसरे, मोतीला न घेता शेजारच्या घरी जावे. मनगटाची विचारपूस करावी आणि चेंडू नेण्यात आपली चूक झाली, एवढे स्वच्छ शब्दांत सांगावे. कुत्र्यांचे भांडण मिनिटभरात संपले होते, माणसांनी ते महिनाभर जिवंत ठेवू नये.

शेजाऱ्यांच्या हाताचे प्लास्टर निघेपर्यंत राजाची दोरी त्यांच्या घरातील धडधाकट माणसाने धरावी. दोन्ही कुत्र्यांना मोकळ्या जागी, तीस-चाळीस पावलांचे अंतर ठेवून, एकाच दिशेने चालवावे. समोरासमोर आणू नये. दोघे सैल अंगाने चालत आहेत असे दिसले की रोज थोडे अंतर कमी करावे. दहा-पंधरा दिवसांत पूर्वीसारखे शेजारी चालू लागले तर उत्तम. नाहीच जमले, तर एकाने सहाला आणि दुसऱ्याने सातला निघावे आणि दोन्ही माणसांनी परतल्यावर ओसरीवर बसून चहा एकत्र घ्यावा. सोबत त्यानेही टिकते.

मोती आणि राजा चेंडू वाटून घेण्यास कदाचित कधीच शिकणार नाहीत. त्याची गरजही नाही. चेंडू घरी राहिला, खिशात खाऊ राहिला आणि हात मध्ये गेला नाही, तर फिरणे चालू राहील. मुलाला तसे कळवावे आणि मोतीला कोठेही देऊ नये. पुढच्या पत्रात साखरेचा आकडा लिहावा, वाट पाहतो.